पेटीतील वही आणि ग्रंथालयातील पोथी : ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखितांविषयी

बेळगाव शहराच्या वेशीला टेकलेल्या कंग्राळी या गावी काही वर्षांपूर्वी एका घराच्या आशीर्वादविधीसाठी आम्ही गेलो होतो. विधी आटोपल्यावर घरातील वयोवृद्ध आजींनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली उतरवून घेतली व तांबड्या फडक्यात बांधलेली एक हस्तलिखित वही आमच्यापुढे ठेवली. वहीच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या, शाई तपकिरी पडली होती आणि अक्षरे रोमन होती. कुटुंबाचे मूळ गोव्यातले. "इंग्रजीत हाय, फादर, आमच्यातल्या कुणाला कळत नाही," असे चिरंजिवांनी सांगितले. दरवर्षी उपवासकाळात ती वही वेदीजवळ ठेवून तिच्यापुढे मेणबत्ती लावीत, एवढाच तिचा उपयोग उरला होता.

आम्ही दोन-तीन ओळी जुळवून मोठ्याने वाचल्या. ते इंग्रजी नव्हते, पोर्तुगीजही नव्हते. ती मराठी ओवी होती, प्रभूच्या दुःखसहनाविषयीची. चौथ्या ओळीला आजींचे ओठ आमच्याबरोबर हलू लागले आणि त्या म्हणाल्या, "अवो फादर, हे तर आमची आय म्हणायची की!" त्यांनी पुढची ओवी न पाहता म्हटली. वहीतली आणि त्यांच्या मुखातली ओवी दोन शब्दांनी वेगळी निघाली.

ती वही म्हणजे ख्रिस्तपुराण नव्हे, हे येथेच स्पष्ट करतो. कोणा धर्मशिक्षकाने उपवासकाळासाठी उतरवून घेतलेली ती भक्तिगीतांची वही होती. परंतु हस्तलिखितांविषयी जे सर्व प्रश्न विद्वानांना पडतात, ते त्या एका घरात अर्ध्या तासात आमच्यापुढे उभे राहिले : भाषा एक आणि लिपी दुसरी, मूळ पाठ कोणता आणि फरक कोणाचा, मुखात जिवंत राहिलेले प्रमाण मानावे की कागदावर टिकलेले? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत थोर ग्रंथाच्या आधाराने करावयाचे योजिले आहे. त्या ग्रंथाची एक महत्त्वाची पोथी आज बेळगावात नाही, गोव्यातही नाही; ती लंडनमधील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले आणि १६१९ साली निवर्तले. मधली चाळीस वर्षे बहुतांशी साष्टी भागात गेली. त्यांचे ओवीबद्ध महाकाव्य १६१६ साली राचोल येथे छापून प्रसिद्ध झाले. 'पुराण' हे नाव त्या वेळी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नव्हते. जगात आपल्या तारणाऱ्याच्या येण्याविषयीचे प्रवचन अशा अर्थाचे पोर्तुगीज नाव होते. १६४९ साली दुसरी व १६५४ साली तिसरी आवृत्ती निघाली. पहिल्या पुराणात जुन्या कराराचा विषय ३६ अवस्वरूंमध्ये आणि दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्र ५९ अवस्वरूंमध्ये मांडले आहे. एकंदर ओव्यांची संख्या १९०७ च्या आवृत्तीनुसार १०,९६२ भरते. आमच्या धर्मशिक्षक बंधूंनी या संख्येवर क्षणभर थांबावे. एवढी रचना परक्या भाषेत एका माणसाने केली, आणि ती रविवारी चर्चमध्ये वाचण्यासाठी केली.

तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज कोठे असल्याचे माहीत नाही. हे कसे घडले? पुस्तके वाचून वाचून झिजली, दमट हवेने व वाळवीने खाल्ली, हे तर खरेच. त्यात १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्माविले. राचोलचा छापखाना त्याआधीच थंडावला होता. त्यानंतर सुमारे दीड शतक गोव्यात छापखाना असा राहिलाच नाही. तेव्हा ज्या ग्रंथाचा जन्म छापखान्यातून झाला तो मागे फिरून हस्तलिखित झाला! युरोपात पोथ्यांची पुस्तके होत होती त्या काळात आपल्याकडे पुस्तकाची पोथी होत होती. धर्मशिक्षकांनी, गावच्या लेखकांनी, घरच्या कर्त्या माणसांनी रात्री जागून ओवीमागून ओवी उतरवली. सतराव्या आणि अठराव्या शतकांत जी ख्रिस्ती कुटुंबे गोवा सोडून कानडा मुलुखात गेली, त्यांनी आपल्या सामानात या प्रती नेल्या. टिपूच्या बंदिवासात श्रीरंगपट्टणच्या ख्रिस्ती लोकांना याच ओव्यांचा आधार होता असे परंपरेने सांगितले जाते.

मंगळूरच्या जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली अशा हस्तलिखित प्रती गोळा करून, त्या ताडून पाहून, रोमन लिपीत ग्रंथ पुन्हा छापला. अडीचशे वर्षांनी पुराण पुन्हा छापखान्यात आले ते केवळ या नकलाकारांच्या कृपेने. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणास ठाऊक नाहीत. आज पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, पिलार येथे आणि पर्वरीच्या थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्रात या ग्रंथाच्या रोमन लिपीतील हस्तलिखित प्रती जतन केलेल्या आहेत. बेळगावाहून पणजी फार दूर नाही. उन्हाळी सुटीत एखाद्या धर्मशिक्षकास तेथे जाऊन त्यांचे दर्शन घेणे अशक्य नाही.

आता लंडनच्या पोथीकडे वळू. विल्यम मार्सडन (१७५४–१८३६) हे सुमात्रा बेटाचा इतिहास लिहिणारे इंग्रज पंडित होते व काही काळ ब्रिटिश नौदल खात्याचे चिटणीस होते. पूर्वेकडील भाषांची पुस्तके व हस्तलिखिते जमविण्याचा त्यांना नाद होता. हा सर्व संग्रह त्यांनी १८३५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजला देऊन टाकला. पुढे प्राच्यविद्येच्या अध्ययनासाठी १९१६ साली लंडन विद्यापीठात स्वतंत्र संस्था स्थापन झाली, तेव्हा मार्सडन यांची हस्तलिखिते तिच्या ग्रंथालयाकडे आली. त्यांत एक पोथी देवनागरी लिपीतील होती. तिच्याकडे जवळजवळ नव्वद वर्षे कोणाचे नीट लक्ष गेले नाही. पोथी सुरक्षित होती आणि हरवलेलीही होती. ग्रंथालयाच्या कपाटात वस्तू असणे आणि ती वस्तू काय आहे हे कोणाला तरी कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९२० च्या दशकाच्या आरंभी जस्टिन अॅबट यांनी ही पोथी ओळखली. अॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे निवृत्त मिशनरी. महाराष्ट्रातील संतकवींच्या चरित्रांची इंग्रजी भाषांतरे करणारे म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात. एका इंग्रज कॅथलिक धर्मगुरूचे मराठी काव्य, ते ओळखणारा एक अमेरिकन प्रॉटेस्टंट, आणि पोथी सांभाळणारे लंडनचे महाविद्यालय! 

अॅबट यांचा शोध केवळ आणखी एक प्रत मिळाली एवढ्यापुरता नव्हता. रोमन प्रतींमध्ये जेथे पोर्तुगीज किंवा लॅटिन धार्मिक संज्ञा येतात, तेथे मार्सडन पोथीत पुष्कळदा संस्कृत वळणाचे शब्द आहेत. यावरून अॅबट यांनी असा निष्कर्ष काढला की, स्टीफन्स यांनी मूळ ग्रंथ देवनागरीतच, अशा शुद्ध देशी शब्दांत लिहिला होता. छापताना रोमन लिपी आली आणि परकी शब्द घातले गेले. इतर अभ्यासकांनी याच्या उलट बाजू मांडली : छापील ग्रंथावरून कोणी तरी मागाहून नागरीत उतरवताना परकी शब्द काढून त्या जागी संस्कृत शब्द बसवले असतील.

हा वाद पंडितांपुरता आहे असे वाचकांनी समजू नये. स्नानसंस्कार म्हणावे की बाप्तिस्मा, धर्मगुरू की पाद्री, मिस्सा की पवित्र यज्ञ, या चर्चा आमच्या धर्मगुरूंच्या बैठकांत द्वितीय व्हॅटिकन परिषदेपासून चालू आहेत आणि त्यांत कधीकधी आवाजही चढतो. देशी शब्द ही आधुनिकांची हौस आहे असे काहींना वाटते. परकी शब्द ही वसाहतीची खूण आहे असे इतरांना वाटते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आद्य कवीने स्वतः काय लिहिले होते, याचे उत्तर एका पोथीच्या वाचनावर अवलंबून आहे. अर्थात त्या उत्तराने आजचा निर्णय आपोआप होणार नाही, पण निदान परंपरा आपल्याच बाजूची असल्याचा दावा करताना दोन्ही पक्षांनी सावध राहावे.

आमचे मत विचाराल तर ते असे. स्टीफन्स यांना देशी लिपीत छापावयाचे होते, याविषयी शंका नाही. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी येशूसंघाचे प्रमुख फादर आक्वाविवा यांना लिहिलेल्या पत्रात ही इच्छा स्पष्टपणे आली आहे. अडचणही त्यांनी सांगितली आहे : रोमनची चोवीस अक्षरे कोठे आणि येथील लिपीचे सुमारे सहाशे साचे कोठे! जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या यांचा हा हिशेब. तेव्हा रोमन लिपी ही कवीची निवड नव्हती, ती छापखान्याची गरज होती, असे मानण्यास चांगला आधार आहे. मात्र लिपीवरून शब्दांविषयी अनुमान काढणे ही दुसरी पायरी आहे आणि ती पहिलीइतकी भक्कम नाही. देवनागरीत लिहिणाराही 'पाद्री' लिहू शकतो. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांच्या तोंडी पोर्तुगीज संज्ञा तोवर बसल्या होत्या. ज्या कवीला त्यांच्यापुढेच ग्रंथ वाचला जावा असे वाटत होते, त्याने त्या टाळल्याच असतील असे खात्रीने म्हणता येत नाही. म्हणून मार्सडन पोथीला मूळ ग्रंथ म्हणण्यापेक्षा मोलाचा साक्षीदार म्हणणे आम्हांस अधिक योग्य वाटते.

ज्यांच्या हाती अशी रोमन वही येईल त्यांच्यासाठी वाचनाची थोडी रीत सांगून ठेवतो. स्टीफन्स यांच्या परंपरेतील लेखनात मूर्धन्य उच्चार दाखवण्यासाठी अक्षर दुहेरी लिहीत : दोन 'टी' म्हणजे ट, दोन 'एन' म्हणजे ण. 'एक्स' हे अक्षर इंग्रजीप्रमाणे वाचावयाचे नाही. पोर्तुगीज पद्धतीने ते श किंवा ष आहे. नकलाकार पेंगला, एक 'एन' गळला, की ण चा न होतो आणि अर्थ हातातून निसटतो. म्हणून अशी वही डोळ्यांनी वाचू नये, मोठ्याने वाचावी. कान पुष्कळदा डोळ्यांची चूक दुरुस्त करतो. कंग्राळीच्या आजींनी आम्हांस हेच शिकवले.

१९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुणे येथून देवनागरीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. पुढे १९९६ साली कारिदाद द्रागो यांची आणि २००९ साली फादर नेल्सन फलकाव यांची देवनागरी आवृत्ती आली. फादर फलकाव यांनी आधुनिक मराठी गद्यानुवादही जोडला आहे. तेव्हा ग्रंथ वाचण्यास आता लिपीची अडचण नाही.

त्याच लंडनच्या ग्रंथालयात आमच्या भागाविषयीचा दुसरा मोठा ठेवा आहे, आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० साली रेव्हरंड जोसेफ टेलर यांनी सुरू केले. १९०४ साली ते अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनकडे गेले. सोसायटीची जुनी कागदपत्रे १९७३ साली या ग्रंथालयाच्या स्वाधीन झाली. त्यांत बेळगावहून गेलेली पत्रे शोधावयाची तर 'मराठी' असे लिहिलेल्या पेटीत ती सापडणार नाहीत. सोसायटीने आपला पत्रव्यवहार दक्षिण भारताच्या भाषाविभागांप्रमाणे लावला होता आणि बेळगाव कानडी विभागात येते. सीमाभागातील माणसाला याचे नवल वाटू नये. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला, १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले. आमच्या एकाच धर्मग्रामाच्या कपाटात बाळबोध, मोडी, कानडी आणि रोमन अशा चार लिप्यांतील कागद निघू शकतात. त्यांतील मोडी वाचणारे आज फार थोडे उरले आहेत, आणि चर्चच्या जमिनीचे जुने व्यवहार नेमके मोडीत असण्याचा संभव अधिक! ज्याला आपण रद्दी समजतो तो कधीकधी कबरस्थानाच्या हद्दीचा एकमेव पुरावा असतो.

प्रॉटेस्टंट बंधूंच्या बाजूस श्रीरामपूर महाविद्यालयाचे ग्रंथालय आहे. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापले व त्याच वर्षी मराठीचे व्याकरणही काढले. स्टीफन्स यांची सहाशे साच्यांची अडचण तेथे दोनशे वर्षांनी सुटली.

पोर्तुगालमधील ब्राग येथील ग्रंथालयातील हस्तलिखितांविषयी एक वाक्य लिहितो. तेथे धर्मगुरूंसाठी रोमन लिपीत उतरवलेल्या रामायण-महाभारताच्या कथा आहेत. गोव्यात ज्या पोथ्या जाळल्या गेल्या, त्यांतला काही भाग जाळणाऱ्यांच्याच सोबत्यांनी भाषा शिकण्यासाठी लिहून घेतला म्हणून वाचला. हा इतिहास आम्हां ख्रिस्ती धर्मगुरूंना अभिमानाने सांगता येण्यासारखा नाही, पण लपवण्यासारखाही नाही.

असो. कंग्राळीच्या वहीचे पुढे काय झाले, हे सांगणे प्राप्त आहे. त्या दिवशी आमच्याजवळ छायाचित्र घेण्याचे साधन नव्हते. "पावसाळा सरला की येऊन सगळी उतरवून घेतो," असे आम्ही आजींना सांगितले. पावसाळा सरला, नाताळ आला, उपवासकाळ आला. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा दोन वर्षे उलटली होती. आजी प्रभूच्या घरी गेल्या होत्या, जुने घर पाडून नवे उभे राहिले होते आणि पेटीतील सामान कोणी कोठे नेले हे घरच्यांना सांगता येईना. त्यांचा काही दोष नाही. त्यांच्या लेखी ती न कळणारी वही होती. ती काय आहे हे ज्याला कळले होते तो आम्हीच, आणि वचन देऊन विसरणाराही आम्हीच. आमच्या टिपणवहीत त्या दिवशी लिहिलेल्या तीन ओव्या व आजींच्या मुखातले दोन पाठभेद एवढेच आता शिल्लक आहे.

आमच्यावर याविषयी काही बंधन आहे किंवा नाही, असे कोणी विचारील. आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ५३५ व्या कलमाने प्रत्येक धर्मग्रामात दफ्तर असावे व जुन्या नोंदवह्या काळजीपूर्वक जपाव्यात असे सांगितले आहे. ४९१ व्या कलमाप्रमाणे धर्मग्रामांच्या दफ्तरांचीही जपणूक होते किंवा नाही हे बिशपांनी पाहावयाचे आहे, त्यांच्या सूचीच्या दोन प्रती करून एक स्वतःच्या दफ्तरात व दुसरी धर्मप्रांताच्या दफ्तरात ठेवावयाची आहे. १९९७ साली रोमच्या सांस्कृतिक वारसा आयोगाने तर दफ्तराचे काम हे मेंढपाळाच्या सेवेचाच भाग असल्याचे एका स्वतंत्र पत्रात मांडले. कलमे घरातील पेट्यांविषयी बोलत नाहीत, हे खरे. तेथे कायदा पोहोचत नाही. तेथे धर्मशिक्षक पोहोचतो.

म्हणून धर्मशिक्षकांस काही व्यावहारिक गोष्टी सुचवितो. घरभेटीस जाल तेव्हा जुनी वही, गायनांचा संग्रह, मोडी कागद आहे का, हे विचारावे. वही मागून नेऊ नये. घरचा ठेवा घरीच असू द्यावा, त्यावाचून लोक दुसऱ्यांदा दाखवणार नाहीत. आता भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेता येतात. प्रत्येक पान, कोरे असले तरी, क्रमाने घ्यावे आणि प्रकाशाचा झोत न टाकता खिडकीच्या उजेडात घ्यावे. फाटलेल्या पानास चिकटपट्टी मुळीच लावू नये; तिचा गोंद काही वर्षांत कागद पिवळा करून फोडतो. उन्हात वाळत घालू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, ओल आतच राहते. आपल्या पूर्वजांची सुती फडक्यात बांधून वेखंड ठेवण्याची रीत वाईट नव्हती. जुन्या लोहयुक्त शाईने कागद अक्षराच्या रेषेत तुटतो, म्हणून अशी वही पूर्ण उघडून दाबू नये. आणि घरातील कोणा वृद्धास त्यातले काही मुखोद्गत असेल तर ते आधी ध्वनिमुद्रित करावे; कागदाला अजून काही वर्षे आहेत.

छायाचित्रांच्या पहिल्या पानावर गाव, कुटुंबाचे मूळ गाव, वही कोणाकडून कोणाकडे आली आणि पाहिल्याची तारीख एवढे लिहावे. मार्सडन पोथीवर अशी चार वाक्ये असती तर अॅबट यांना आणि त्यांच्यानंतर आलेल्यांना वाद घालण्याचे पुष्कळसे कारण उरले नसते.